हर्डीकरांच्या घरची चुंगी

हर्डीकरांच्या घरात जेवताना आवडीची वस्तू शेवटासाठी राखून ठेवणं धोक्याचं होतं. पापडाचा मधला कुरकुरीत तुकडा म्हणा, पोळीचा तुपात भिजलेला पदर म्हणा, तळलेली कुरडई म्हणा. तुम्ही ती ताटाच्या कडेला सरकवलीत आणि पाण्याच्या भांड्याकडे वळलात, की ती गेलीच. कुणी नेली ते विचारायचं नाही. सगळे साळसूदपणे खाली माना घालून भात कालवत असायचे. मग ज्याची वस्तू गेली त्यानं डावा हात कपाळावर मारून ओरडायचं, “लुटलं हो, लुटलं! भर काशीत लुटलं!” आणि चोरानं तोंडातला घास कसाबसा गिळत म्हणायचं, “चुंगी लागली.”

चुंगी म्हणजे आपल्याकडची जकात. घरातले अप्पा, ढुंढिराज हर्डीकर, बनारसच्या वेशीवरल्या चुंगीनाक्यावर कारकून होते. गावात येणाऱ्या मालाच्या गाड्या अडवायच्या, काय भरलंय ते पाहायचं, चुंगी घ्यायची आणि पावती फाडायची, ही त्यांची नोकरी. नाक्यावर दिवसभर बोललेले शब्द ते संध्याकाळी घरी घेऊन यायचे, आणि बालाजी घाटावरच्या त्या भाड्याच्या घरात त्या शब्दांना भलतेच अर्थ फुटायचे. थोरला शिवराम शांत, हळू बोलणारा. तो ‘कापसाची गासडी’. धाकटी नंदा ‘हिरव्या मिरच्यांची टोपली’. आणि अप्पांची बायको कालिंदीबाई ‘नाकेदार साहेब’. “तिकडे मी नुसता कारकून,” अप्पा म्हणायचे, “नाकेदार इकडे बसलेत, चुलीपाशी.”

आजूबाजूच्या मराठी घरांत याची कुजबुज व्हायची. कुणाच्या घरी वेदपाठशाळा, कुणाकडे पुराणिकपणा, आणि या हर्डीकरांकडे एकमेकांच्या उष्ट्या ताटात हात! शिवाय बायका-पुरुष एकाच पंगतीला. त्यावर कालिंदीबाईंचं उत्तर तयार असे. “यांची ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची. मुलगा स्टेशनात. दोन-दोन पंगती उठवायला मी काय अन्नछत्र काढलंय? बसा सगळे एकदम. आणि देवाचा नैवेद्य सोवळ्यातच होतो हो आमच्याकडे. देवाला चुंगी माफ आहे.”

अशा या घरात १९५७ साली, वैशाखातल्या उन्हाच्या तडाख्यात, प्रमोदिनी सून म्हणून आली.

ती संगमनेरची. आईवडील लहानपणीच गेलेले, मामांच्या घरी वाढली. मामा कुणाच्या तरी अस्थी घेऊन काशीला आले, ओळखीनं हर्डीकरांकडे उतरले, त्यांनी काशी स्टेशनात तिकीटबाबू असलेला शिवराम पाहिला आणि परत जाऊन भाचीचं लग्न ठरवून टाकलं. मामी काही दुष्ट नव्हती. तिचं पातेलं लहान होतं, इतकंच. घरची पोरं आधी जेवत, मग मोठी माणसं, आणि मग जे खाली उरेल ते प्रमोदिनीचं. तेही पुष्कळदा अर्ध्यावर एखादा मामेभाऊ येऊन उचलून न्यायचा. म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसायची, डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा धरायची आणि भराभरा जेवायची. तिला स्वतःला हे ठाऊक नव्हतं. सगळी माणसं अशीच जेवतात असं तिला वाटे.

लग्नाला पंधरवडाही झाला नसेल. त्या दिवशी कालिंदीबाईंनी कुरडया तळल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, फुललेल्या. प्रमोदिनीनं आपली कुरडई ताटाच्या कडेला उभी करून ठेवली. इतकी मोठी, अख्खी कुरडई तिच्या वाट्याला कधी आली नव्हती. ती शेवटी, सावकाश, एकेक तार मोडून खायची असं तिनं ठरवलं होतं. शेजारी सासू बसली होती. अप्पा नाक्यावरची काहीतरी गंमत सांगत होते, सगळे हसत होते, आणि कालिंदीबाईंचा हात हळूच त्या कुरडईकडे आला.

प्रमोदिनीचा डावा हात खाडकन ताटावर पडला. “माझं आहे ते!”

आवाज तिचा नव्हताच. आठ-नऊ वर्षांच्या पोरीचा असावा तसा चिरका, भेदरलेला. नंदा तोंड उघडं टाकून बघत राहिली. प्रमोदिनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हात काढावा हे कळत होतं, पण हात निघेना.

कालिंदीबाईंनी आपला हात मागे घेतला. क्षणभर त्या सुनेच्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हो गं. तुझंच आहे.” आणि परातीतली आणखी एक कुरडई उचलून तिच्या ताटात ठेवली.

त्या दिवसापासून प्रमोदिनीच्या ताटाला कुणी हात लावला नाही.

बाकीच्या ताटांत रोज दरोडे पडत. नंदा अप्पांची लोणच्याची फोड पळवी, शिवराम नंदाच्या वाटीतली साय उचली, कालिंदीबाई तर कुणालाच सोडत नसत. “लुटलं हो, लुटलं!” अशी आरोळी रोज गल्लीत जाई. मधोमध प्रमोदिनीचं ताट मात्र एखाद्या देवळासारखं शांत. एकदा अप्पांचा हात चुकून तिकडे वळला, आणि वाटेतच थांबला. “अरे, हा तर सीलबंद माल,” ते म्हणाले. “नाकेदारांचा हुकूम आहे, ही पेटी अडवायची नाही.” सगळे हसले. प्रमोदिनीही हसली, आणि नंतर गच्चीवर वाळत घातलेल्या धोतरांच्या आड उभी राहून रडली.

नावं सगळ्यांना होती, तिला नव्हतं. कालिंदीबाई स्वतःच्या मुलीला “ए घोडे”, “ए गधडे” म्हणत. मुलाला “ढोल्या” म्हणत. नवऱ्यालासुद्धा “अहो म्युनिसिपालटी” अशी हाक मारत. सुनेला मात्र पूर्ण, स्वच्छ हाक: “प्रमोदिनी, जरा इकडे ये हं.” त्या ‘हं’चाच तिला धसका बसला होता. वाढतानाही तेच. तिच्या ताटात आधी, सगळ्यांत जास्त. दुधावरची साय तिला, भाताची खरपूस खरवड तिला, कडेची तुपाची वाटी तिला. पाहुण्याला करतात तसा आग्रह. पाहुणी चार दिवसांची असते. ती जायची असते. प्रमोदिनीला कुठं जायचं होतं? संगमनेरला तिच्या नावाचा पाट आता कुणी मांडणार नव्हतं.

तिनं आपल्या परीनं उपाय करून पाहिले. आवडीची वस्तू मुद्दाम कडेला ठेवायची आणि पाणी पिण्याच्या निमित्तानं तोंड फिरवायचं. वळून पाहिलं, की वस्तू जागच्या जागी. लंगड्या आंब्यांचा हंगाम आला. त्या घरात कोयीवर लढाया होत. तिनं आपली कोय जरासुद्धा न चोखता, गरानं लदलदलेली, नंदाच्या बाजूला सरकवून ठेवली. नंदाला मोह आवरेना. तिचा हात निघालाच होता.

“नंदे!” कालिंदीबाईंनी नुसती हाक मारली.

नंदाचा हात मागे गेला. “मी कहाँ घेत होते?” ती पुटपुटली.

तेव्हा प्रमोदिनीची खात्री पटली. हे सगळं सासूबाईंच्या सांगण्यावरून चाललंय. एका कुरडईपायी त्यांनी आपल्याला वाळीत टाकलंय. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, त्यात त्यांची चूक आहे असंही तिला म्हणता येईना. ताटावर हात आपणच मारला होता.

श्रावणातल्या एका संध्याकाळी ती आणि शिवराम संकठा देवीचं दर्शन घेऊन परतत होते. गंगा चढली होती. घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. प्रमोदिनी एकदम म्हणाली, “तुमच्या घरात मला अजून पाहुणीच समजतात.”

“का? कुणी काही बोललं?”

“बोलत नाहीत. घेत नाहीत.”

“काय घेत नाहीत?”

“चुंगी.”

शिवरामला हसू फुटलं. “अगं, माझी कालची जिलबी गेली, परवाची वडी गेली. तुझं सगळं वाचतंय, तर तू...” मग त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू जिरलं.

“तुम्ही तरी घ्या,” ती म्हणाली.

“मी घेतली असती गं. पण आईनं...” त्यानं जीभ चावली.

“आईंनी काय?”

“आईला विचार ना तू. मी मध्ये पडत नाही बाबा.” आणि कापसाची गासडी पुढे चालू लागली.

सासूला विचारण्याची तिची छाती झाली नाही. पण त्या रागात तिनं एक भलतंच धाडस केलं. दोन दिवसांनी अप्पा नाक्यावरून दमून आले, जेवायला बसले. त्यांच्या ताटात पापडाचा शेवटचा तुकडा उरला होता. प्रमोदिनीनं हात लांब केला, तो उचलला आणि तोंडात घातला. सासऱ्याच्या ताटातला! पापडाचा आवाज साऱ्या स्वयंपाकघराला ऐकू गेला. आपण काय केलं हे कळून तिचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. चावावं की गिळावं तेही सुचेना.

अप्पांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “सूनबाई,” ते गंभीरपणे म्हणाले, “चुंगी घेतलीत. पावती कुठाय?”

नंदा हसता हसता पाटावरून कलंडली. अप्पांनी कपाळावर हात मारून असा काही गळा काढला, “लुटलं हो! घरच्या लक्ष्मीनं लुटलं!” की समोरच्या घरातली खिडकी उघडली. त्यांना ठसका लागेपर्यंत ते हसत होते. प्रमोदिनीला पहिल्यांदा त्या घरात मोकळं हसू आलं. हसत हसत तिनं आपलं ताट थोडं पुढे सरकवलं. “मग अप्पा, आता तुम्ही घ्या माझ्यातली.”

अप्पांनी बायकोकडे पाहिलं. कालिंदीबाई आमटी वाढत होत्या. “नाही बुवा,” अप्पा म्हणाले. “सील तोडायचा अधिकार नाकेदारांचा.”

म्हणजे आपण घेऊ शकतो; आपलं कुणी घेणार नाही. दार अर्धंच उघडलं होतं. तरी त्या अर्ध्या दारातून बरीच हवा आत आली, हेही खरं. प्रमोदिनी आता पंगतीत दरोडे घालू लागली, नंदाशी भांडू लागली, अप्पांना हातानं लिहिलेल्या खोट्या पावत्या देऊ लागली. बोलायला लागली. ती नकला छान करते हे घराला कळलं. तिलाही ते नव्यानंच कळलं. थंडी आली. सकाळी अप्पा चौकातून मातीच्या कुल्हडीत मलइयो आणू लागले. तो दुधाचा फेस जिभेवर ठेवताच विरून जाई, आणि कुणी चुंगी घ्यायच्या आत संपे. दिवस कसे गेले ते तिला कळलं नाही.

माघातली गोष्ट. त्या दिवशी गच्चीवर माकडांनी धुमाकूळ घातला होता. बनारसला त्यात नवल नाही. पण एका थोराड माकडानं शिवरामचा धुतलेला सदरा ओढून नेला आणि ते शेजारच्या देवळाच्या कळसाजवळ जाऊन बसलं. शिवरामला अप्पांचा ढगळ कोट चढवून स्टेशनात जावं लागलं. संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर प्रमोदिनी तेच साग्रसंगीत सांगत होती. पुजारीबुवा खालून केळं दाखवतायत, माकड वरून सदऱ्याची बाही दाखवतंय. मग माकडानं सदरा कसा अंगात घातला, बटणं कशी पाहिली, आणि खिशात हात घालून तिकीट मागायला आल्यासारखं कसं बसलं.

“अगदी स्टेशनातल्यासारखं!” ती डावा हात हवेत नाचवत म्हणाली. “एवढी मान वाकडी, आणि हा हात असा पुढे. मला वाटलं, आता ‘कहाँ जाना है?’ विचारतंय!”

“ए, मी असा बसतो?” शिवराम म्हणाला.

“दादा, बिल्कुल असाच!” नंदा किंचाळली.

हसण्याच्या त्या कल्लोळात कुठंतरी ‘कुर्र’ असा आवाज झाला. प्रमोदिनी बोलतच होती. वाक्य संपवून ती आपल्या ताटाकडे वळली. कडेला उभी ठेवलेली कुरडई नव्हती.

तिनं अप्पांकडे पाहिलं. अप्पा भात कालवत होते. नंदानं दोन्ही गाल ओढून ‘मी नाही’ म्हणून दाखवलं. शिवराम तर पलीकडेच बसला होता. मग तिनं शेजारी पाहिलं. कालिंदीबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. चेहरा दगडी. ओठाच्या कोपऱ्याला कुरडईची एक पांढरी तार चिकटलेली.

“चुंगी लागली,” त्या म्हणाल्या.

सगळे प्रमोदिनीच्या तोंडाकडे बघू लागले. नियमाप्रमाणे आता तिनं कपाळावर हात मारून ओरडायचं होतं. तिनं तोंड उघडलं. आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“वहिनी, ओरडा ना! रूल आहे!” नंदा म्हणाली.

“ओरड की गं, गधडे,” कालिंदीबाई म्हणाल्या. “पमे, रडतेस काय? एका कुरडईसाठी?”

गधडे. पमे. प्रमोदिनीनं दोन्ही गुडघ्यांत तोंड खुपसलं. आणि ते रडणं कसलं आहे हे त्या स्वयंपाकघरातल्या एकूण एक माणसाला कळलं होतं, म्हणून कुणीही तिची समजूत घातली नाही. अप्पांनी फक्त एवढं म्हटलं, “चला, पेटी उघडली. आत सगळा माल ओला निघाला.”

जेवणं आटोपल्यावर दोघी सासू-सुना मोरीपाशी भांडी घासत बसल्या. राखेनं पितळी ताट घासता घासता प्रमोदिनीनं शेवटी विचारलंच. “आई, इतके दिवस का नाही घेतलीत? मला वाटलं, तुम्ही रागावलात.”

“रागावू कशाला?” कालिंदीबाईंनी हात न थांबवता म्हटलं. “त्या दिवशी तुझा हात पाहिला मी. ताटावर पडलेला. असा हात खाष्ट माणसाचा नसतो. उपाशी राहिलेल्याचा असतो. तेव्हाच सगळ्यांना बजावलं, हिच्या ताटाला कुणी शिवायचं नाही, मी सांगेपर्यंत. इतकी वर्षं नाक्यावरच्या गोष्टी ऐकतेय मी. चुंगी भरल्या गाडीला लागते बाई. रिकामी गाडी तशीच सोडायची असते.”

प्रमोदिनीच्या हातातलं ताट थांबलं.

“मग आजच कसं...”

“आज तू माकडाची गोष्ट सांगत होतीस,” सासू म्हणाली, “आणि डावा हात हवेत होता तुझा. परवाही गुडघ्यावर होता. कालही. आणि काल तू मला ‘पुरे’ म्हणालीस वाढताना. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. आठवतंय?”

प्रमोदिनीला आठवत नव्हतं. आपला डावा हात कधी, कुठं होता याचा तिनं आयुष्यात विचार केला नव्हता. कुणीतरी रोज, वैशाखापासून माघापर्यंत, सगळ्यांना वाढता वाढता तो हात बघत बसलं होतं. सायीची वाटी, खरवड, पहिला मान. तो पाहुणचार नव्हता. ती गाडी भरणं चाललं होतं.

“नीट घास ते, राख राहिलीय कडेला,” कालिंदीबाई म्हणाल्या.

पुढे सगळं व्हायचं तसं झालं. प्रमोदिनीला दोन मुलं झाली. ती बनारसी हिंदीत भांडत आणि मराठीत जेवत वाढली. नंदा लग्न होऊन इंदूरला गेली आणि तिथल्या सासरी चुंगी सुरू करून तिनं बोलणी खाऊन घेतली. अप्पा गेले. शिवराम निवृत्त झाला. पुढे सरकारनं चुंगीनाकेच उठवले, तेव्हा अप्पांच्या जुन्या नाक्याच्या जागी पानाची टपरी आली. हर्डीकरांचा नाका चालूच होता. संकठेच्या देवळात गेली की प्रमोदिनी कधी काही मागत नसे. हात जोडून उभी राहायची आणि म्हणायची, ताट भरलंय.

कालिंदीबाईंचा शेवटचा हिवाळा आला. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, दात गेले होते, आणि खाण्यावरची वासनाच उडाली होती. पेज म्हणू नका, खिमट म्हणू नका, दोन चमच्यांनंतर तोंड मिटून घेत. नातवंडांनी विनवून पाहिलं. शिवरामनं समजावलं, “आई, दोन घास तरी.” त्या मान फिरवत.

प्रमोदिनीनं मग विनवणं सोडून दिलं. दुपारी आपलंच ताट घेऊन ती त्यांच्या खाटेशी येऊन बसली. मऊ वरणभात, त्यावर साजूक तूप, आणि कडेला वरणात भिजवून मऊ केलेली एक कुरडई. ताट तिनं खाटेच्या अगदी काठाशी धरलं. डावा हात पाठीमागे टेकला. आणि खिडकीबाहेरच्या माकडांकडे तोंड करून ती बोलायला लागली.

“ते बघा आई, तेच थोराड खानदान. त्याचा पणतू असणार हा. सदरा अजून परत केला नाही मेल्यांनी...”

ती बोलत राहिली. बऱ्याच वेळानं ताट किंचित हललं. प्रमोदिनीनं वळून पाहिलं नाही. पुन्हा हललं. मग पुन्हा. तिनं वळून पाहिलं तेव्हा कुरडई नव्हती, भाताला एका बाजूनं चांगलंच भगदाड पडलं होतं, आणि कालिंदीबाई छताकडे बघत होत्या. चेहरा दगडी. हनुवटीवर तूप.

प्रमोदिनीनं डावा हात उचलला, कपाळावर मारला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, “लुटलं हो, लुटलं! भर काशीत लुटलं!”

खाली गल्लीत दूधवाल्याची सायकल करकचून थांबली. “का भयल, बहूजी?” त्यानं घाबरून वर विचारलं.

प्रमोदिनी खिडकीशी आली. डोळे पुसत, हसत तिनं खाली सांगितलं, “कुछ नहीं भइया. हमारे यहाँ चुंगी लगी है. शाम को आधा सेर दूध ज्यादा देना.”

मागून खाटेवरून क्षीण पण स्पष्ट आवाज आला, “आणि पावती, गधडे?”